नोकरीचा अर्ज आणि उमेदवाराचे स्वतःचे लेखन

पदवी परीक्षांचे निकाल लागले, की चिकोडी, निपाणी, हुक्केरी, रायबाग या भागांतून नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणांची एकच धांदल उडते. दाखले काढावयाचे, त्यांच्या साक्षांकित प्रती तयार करावयाच्या, छायाचित्रे चिकटवावयाची किंवा संगणकावर चढवावयाची, ही कामे कटकटीची असली तरी त्यांत संशयाला जागा नसते. जन्मतारीख, शिक्षण, वास्तव्य हे रकाने प्रमाणपत्र समोर ठेवून भरता येतात. उमेदवाराचा हात थबकतो तो अर्जाच्या शेवटाकडे. 'अन्य अर्हता', 'छंद', 'विशेष प्रावीण्य' अशा शीर्षकाखाली थोडी कोरी जागा सोडलेली असते. ज्याचे चार लेख दैनिकात आले आहेत, जिच्या कविता दिवाळी अंकात छापून आल्या आहेत, किंवा ज्याने गावच्या वाचनालयासाठी तीन वर्षे हस्तलिखित अंक काढला आहे, त्याने अथवा तिने त्या जागेत हे लिहावे किंवा कसे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. खुद्द शिक्षकांनाही विद्यार्थी तो विचारतात, आणि उत्तरे परस्परविरोधी मिळतात.

एक सल्ला असा मिळतो, की जे जे केले ते सर्व लिहावे. काय उपयोगी पडेल ते सांगता येत नाही. दुसरा सल्ला अनुभवी कारकुनाचा असतो: लेखनाचे नाव काढू नये, लिहिणारा हाताखाली असणे वरिष्ठांना रुचत नाही. या दोन्ही सल्ल्यांत तथ्याचा अंश आहे. तथापि कोणत्या नोकरीसाठी, कोणते लेखन, आणि अर्जात नेमके विचारले आहे काय, या तीन गोष्टी पाहिल्याखेरीज यांपैकी एकही सल्ला कामाचा नाही.

प्रथम नोकरीचा प्रकार पाहू. आज शासकीय नोकऱ्यांचा मोठा भाग केवळ लेखी परीक्षेच्या गुणांवर भरला जातो. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून 'क' गटातील व 'ब' गटाच्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखतीची पद्धत बंद केली. अशा पदांच्या बाबतीत उमेदवाराने कविता लिहिल्या काय आणि न लिहिल्या काय, गुणवत्ता यादीत त्याने एका गुणाचाही फरक पडत नाही. अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नसतोच. असला तर तो माहितीपुरता असतो. येथे लेखनाचा उल्लेख करण्याने लाभ नाही आणि न करण्याने हानी नाही. या पदांसाठी अर्ज करणाऱ्याने कात्रणांची जुळवाजुळव करण्यात घालविलेला वेळ अंकगणिताच्या सरावाला द्यावा, हे बरे.

जेथे मुलाखत आहे तेथे मात्र परिस्थिती वेगळी असते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीसाठी आहेत. मुख्य परीक्षेच्या सविस्तर आवेदनपत्रात छंद, पारितोषिके, पाठ्येतर कार्य यांची नोंद करावयाची असते, आणि मंडळाचे सदस्य ते आवेदनपत्र समोर ठेवूनच प्रश्न विचारतात. 'लेखन' हा एकच शब्द लिहून मोकळा झालेला उमेदवार स्वतःच प्रश्नांना आमंत्रण देतो. काय लिहिले, कोठे छापले, कोणासाठी लिहिले, अलीकडे कोणता लेखक वाचला, असे एकामागून एक प्रश्न येतात. आणि लेखन खरोखरीच केलेले नसेल तर दोन-तीन मिनिटांत ते उघडे पडते. याउलट, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या स्त्रियांविषयी ज्याने प्रत्यक्ष हिंडून तीन लेख लिहिले आहेत, त्याला मजुरी, आरोग्य, बाजारभाव, सहकार अशा कोणत्याही दिशेने प्रश्न आला तरी बोलण्यासारखे पुष्कळ असते. स्वतःच्या लेखनाचा उल्लेख म्हणजे मुलाखतीचा काही भाग आपल्या माहितीच्या मैदानावर घेऊन येणे होय, पण मैदान खरेच आपले असले पाहिजे.

महाविद्यालयीन अध्यापकाच्या पदासाठी अर्ज करणाऱ्यांची गल्लत निराळ्या कारणाने होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकपदाच्या प्राथमिक निवडीसाठी जी गुणपद्धती दिली आहे, तीत प्रत्येक संशोधनलेखास २ व एकूण कमाल ६ गुण आहेत. आणि तो लेख तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध करणाऱ्या किंवा मान्यताप्राप्त नियतकालिकातील असावा लागतो. दैनिकाच्या रविवार पुरवणीतील लेख कितीही वाचनीय असला तरी तो या गणतीत येत नाही. तो 'संशोधन' या सदराखाली घुसडल्यास छाननी समितीच्या मनात उमेदवाराच्या उरलेल्या यादीविषयीही शंका उत्पन्न होते. ललित लेखन, वृत्तपत्रीय लेखन, अनुवाद यांची नोंद स्वतंत्र शीर्षकाखाली करावी. मराठीच्या किंवा इतिहासाच्या अध्यापकपदासाठी अशा स्वतंत्र नोंदीचे मोल प्रत्यक्ष मुलाखतीत होते.

खाजगी क्षेत्रात नमुना ठरलेला नसतो. कागल व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने, साखर कारखाने, पतसंस्था, रुग्णालये, शिक्षणसंस्था यांच्याकडे उमेदवार स्वतःच आपले परिचयपत्र तयार करून पाठवितो. ते वाचणारा व्यवस्थापक एका अर्जावर फार वेळ घालवू शकत नाही. यंत्रावर काम करणाऱ्या जोडाऱ्याच्या जागेसाठी ललित निबंधांची यादी त्याला नको असते. परंतु शेती विभागातील सहायकाची जागा असेल आणि उमेदवाराने उसावरील लोकरी माव्याविषयी शेतकऱ्यांना समजेल असा लेख लिहिलेला असेल, तर ती एक ओळ पदविकेच्या गुणांइतकीच बोलते. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस कारखान्याला हवाच असतो. जनसंपर्क, वृत्तसंस्था, आकाशवाणी, प्रकाशन, अनुवाद, जाहिरात या क्षेत्रांत तर लेखन हीच पात्रता आहे. तेथे ते न सांगणे म्हणजे सुताराने रंधा घरी ठेवून कामाला जाण्यासारखे आहे.

व्यंकटेश माडगूळकरांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. त्यांच्याजवळ मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते. परंतु १९४९ मध्ये 'माणदेशी माणसं' प्रसिद्ध झाले होते, आणि १९५५ मध्ये, 'बनगरवाडी' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दाखल झाले. खेड्यातील माणसाचे बोलणे ज्याला कागदावर उतरविता येते, त्याची त्या विभागाला गरज होती. मात्र या उदाहरणावर विसंबून कोणी प्रमाणपत्राची उपेक्षा करू नये. कविवर्य नारायण सुर्वे मुंबईच्या महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई होते. पुढे ते शिक्षक झाले, ते कवितेच्या जोरावर नव्हे, तर आवश्यक त्या परीक्षा उत्तीर्ण होऊन. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ चा. पदासाठी विहित केलेली अर्हता लेखनाने भरून निघत नाही. अर्हता असलेल्या दोघांत निवड करावयाची असेल तेव्हाच लेखन पारड्यात पडते.

सीमाभागातील वाचकांना निपाणीचे महादेव मोरे यांचे नाव सांगावयास नको. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मोटारदुरुस्ती, पुढे पिठाची गिरणी, असा व्यवसाय सांभाळून त्यांनी 'एकोणिसावी जात', 'रैत' यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या आणि विडी वळणाऱ्या, वखारीत राबणाऱ्या, मोटारी चालविणाऱ्या माणसांना मराठी साहित्यात जागा दिली. त्यांना कोणाकडे अर्ज करावा लागला नाही. पण ज्या परिसरात असा लेखक गिरणीच्या घरघरीत बसून लिहीत होता, तेथील तरुणांनी स्वतःच्या लेखनाबद्दल संकोच बाळगावा हे चमत्कारिक वाटते. बेळगावात शिक्षिका व पुढे अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्या म्हणून काम केलेल्या इंदिरा संत यांना 'गर्भरेशीम' या संग्रहासाठी १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अध्यापनाचा पेशा आणि कविता यांचे वैर नाही, याला याहून जवळचा दाखला कोणता द्यावा?

आता या भागातील प्रश्नाची खरी धार. चिकोडी-निपाणीकडचा उमेदवार दोन राज्यांच्या आणि दोन भाषांच्या मधोमध उभा असतो. निपाणीला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात मोडते व शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे राहणे कर्नाटकात आणि पदवी महाराष्ट्रातील विद्यापीठाची, अशी स्थिती येथे नित्याची आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवांच्या जाहिरातींत, त्या राज्याने दावा केलेल्या ८६५ गावांतील, पंधरा वर्षे वास्तव्य असलेल्या मराठी भाषिक उमेदवारांसाठी विहित नमुन्यातील दाखल्याची तरतूद असते. दुसरीकडे, कर्नाटक शासनाच्या सेवेसाठी कन्नड भाषेचे ज्ञान आवश्यक धरले जाते. हाच तरुण दोन्हीकडे अर्ज करतो. त्याचे लेखन मराठीत असते, आणि पुष्कळदा त्याचा विषयही भाषा, शाळा, सीमा हाच असतो. बेंगळूरच्या कार्यालयात हे लेखन दाखविले तर आपले नाव बाजूला पडेल, अशी धास्ती त्याला वाटते. याच न्यायाने, कन्नड नियतकालिकात लिहिणारा तरुण कोल्हापूरकडे अर्ज करताना तेवढेच लपवितो.

ही धास्ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. निवड करणारीही माणसेच असतात. तथापि कायद्याची बाजू उमेदवाराने आणि अधिकाऱ्यांनीही माहीत करून घ्यावी. मध्य प्रदेशात एका नगरपालिकेची शाळा १९७१ मध्ये शासनाने ताब्यात घेतली. तेथील एका शिक्षकास १९७२ मध्ये पूर्वचारित्र्याच्या पडताळणीच्या अटीवर शासकीय सेवेत सामावून घेण्यात आले, आणि पूर्वी विशिष्ट राजकीय संघटनांच्या कार्यात भाग घेतल्याच्या पोलीस अहवालावरून १९७४ मध्ये सेवेतून कमी करण्यात आले. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध रामाशंकर रघुवंशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये शिक्षकाच्या बाजूने निर्णय दिला. पूर्वीच्या राजकीय मतांच्या व कार्याच्या कारणावरून नोकरी नाकारणे हे घटनेने दिलेल्या मूलभूत हक्कांशी विसंगत आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. जे कार्याला लागू, ते लेखाला अधिकच लागू. निवड समितीवरील अधिकाऱ्याने मराठी लेख पाहून उमेदवारास बाद करणे किंवा कन्नड लेख पाहून बाद करणे, दोन्ही सारखेच गैर होय.

दुसरा निर्णय २०१६ चा, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणातील. साक्षांकन नमुन्यात माहिती दडविणाऱ्या उमेदवारांचे काय करावयाचे, हा प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे होता. अटक, खटला, शिक्षा यांविषयी विचारलेली माहिती खरी दिली पाहिजे, हे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. त्याचबरोबर दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली ही, की नमुन्यातील प्रश्न नेमका असला पाहिजे, आणि जी माहिती स्पष्टपणे मागितली आहे तेवढीच देण्याचे बंधन उमेदवारावर आहे. दुसरी ही, की तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणातील माहिती दडविली गेली असेल तर ती दुर्लक्षिण्याचा विचार नियोक्त्याला करता येतो. आंदोलनांची सवय असलेल्या या भागात दुसऱ्या मुद्द्याचे महत्त्व कोणाच्याही ध्यानात येईल. पण त्याचा अर्थ माहिती दडविण्यास मुभा मिळाली असा कोणी करू नये. 'करता येतो' आणि 'करावाच लागतो' यांत फार अंतर आहे. एखाद्या मोर्चात नाव नोंदले गेले असेल आणि नमुन्यात तसा प्रश्न असेल, तर ते लिहावेच.

लेखनाच्या बाबतीत यावरून असे निष्पन्न होते, की जेथे विचारलेले नाही तेथे लेखनाचा उल्लेख न करणे ही लपवाछपवी ठरत नाही. टोपणनावाने लिहिलेल्या मजकुरालाही हेच लागू आहे. परंतु जेथे प्रसिद्ध झालेल्या लेखनाची माहिती स्पष्ट शब्दांत मागितली आहे, तेथे गैरसोयीचे तेवढे गाळून सोयीचे तेवढे देणे धोक्याचे आहे. आणि मुलाखतीत समोरून प्रश्न आला असता नाकबूल करणे तर सर्वांत वाईट. ज्याने एखाद्या कार्यालयाच्या कारभारावर वाचकांच्या पत्रव्यवहारात कडक टीका केली आहे, त्याने त्याच कार्यालयाकडे अर्ज करताना ते पत्र मुद्दाम जोडण्याचे कारण नाही. त्याने पात्रता सिद्ध होत नाही. विचारलेच, तर कोणत्या तारखेच्या अंकात, कोणत्या कारणाने लिहिले ते शांतपणे सांगावे. टीका वस्तुस्थितीला धरून असेल तर अशा उत्तराने नुकसान होण्याचा संभव थोडा.

उल्लेख करावयाचा ठरल्यावर तो कसा करावा, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. 'लेखनाची आवड आहे', 'अनेक लेख प्रसिद्ध' अशी वाक्ये निरुपयोगी होत. 'निपाणी परिसरातील विडी कामगार स्त्रियांच्या मुलांचे शिक्षण या विषयावर ३ लेख', त्यापुढे दैनिकाचे नाव आणि अंकांच्या तारखा, एवढे पुरे. तीन-चार नोंदींपेक्षा अधिक देऊ नयेत. पुस्तक असल्यास नाव, प्रकाशक, वर्ष द्यावे. अर्ज कन्नड किंवा इंग्रजी भाषेत असेल तर मराठी लेखाचे शीर्षक तसेच लिहून त्याचा अर्थ अर्जाच्या भाषेत द्यावा, म्हणजे वाचणाऱ्यास विषय कळेल. दोन्ही भाषांत लिहिता येत असेल तर ते आवर्जून नोंदवावे. कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या शाळा असोत, सीमेलगतच्या बँका असोत की रुग्णालये असोत, दोन्ही भाषा लिहिणारा माणूस तेथे रोज लागतो. त्याची किंमत उमेदवारालाच पुष्कळदा कळलेली नसते.

संपादकाच्या हाताखालून गेलेले लेखन आणि स्वतःच प्रसृत केलेले लेखन यांत निवड समिती फरक करते. हा फरक सर्वस्वी न्याय्य असतो असे नाही, कारण चांगले हस्तलिखित वाईट साप्ताहिकापेक्षा सरस असू शकते. मात्र स्वतःच काढलेल्या अंकाची नोंद करताना त्यातील काम सांगावे: किती अंक काढले, लेख कोणाकडून मिळविले, खर्चाची तजवीज कशी केली. त्यावरून नियमितपणा व माणसे जमविण्याची हातोटी दिसते. मुख्याध्यापकांनी किंवा वाचनालयाच्या कार्यवाहांनी अशा कामाचे साधे, तारखांसह प्रमाणपत्र दिल्यास उमेदवाराचे मोठे काम होते. शिक्षकांनी याबाबत एक सवय विद्यार्थिदशेतच लावावी: प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक मजकुराचे कात्रण, नियतकालिकाचे नाव व तारीख दिसेल असे, वहीत चिकटवून ठेवावे. दहा वर्षांनी ते शोधावयास गेल्यास सापडत नाही. गुरुजींनी अर्धा लिहून दिलेला किंवा यंत्राकडून तयार करून घेतलेला निबंध मात्र या वहीत नसावा; मुलाखतीत त्याची दुसरी ओळही सांगता येत नाही.

नेमणूक झाल्यानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटते, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. अर्जात अभिमानाने लिहिलेले काम सेवेत आल्यावर विनापरवानगी चालू ठेवता येईलच असे नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ नुसार शासकीय कर्मचाऱ्यास पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही वृत्तपत्राची अथवा नियतकालिकाची मालकी ठेवता येत नाही, तसेच त्याच्या संपादनात किंवा व्यवस्थापनात भाग घेता येत नाही. प्रासंगिक स्वरूपाचे साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय काम मात्र, शासकीय कर्तव्यात बाधा येत नसेल तर, करण्यास मोकळीक आहे. पुस्तक प्रसिद्ध करताना त्यातील मते स्वतःची आहेत, शासनाची नाहीत, हे स्पष्ट करावे लागते. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास प्रतिबंध आहे. महाराष्ट्रात १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. कर्नाटकात १९६६ च्या नियमांच्या जागी २०२१ मध्ये नवे नियम आले. दोन्हींचा तपशील एकसारखा नाही, म्हणून ज्या राज्याची सेवा पत्करली त्या राज्याचे नियम रुजू होण्यापूर्वीच वाचावेत. शेजारच्या गावातील नातलग दुसऱ्या राज्याच्या सेवेत आहे आणि तो असे असे करतो, हा आधार चौकशीत टिकत नाही.

नियम आहेत म्हणून लेखणी मोडून टाकावी लागते असेही नाही. महाराष्ट्राच्या प्रशासनात अधिकारी असलेले विश्वास पाटील यांनी धरणग्रस्तांच्या विस्थापनावर 'झाडाझडती' लिहिली, आणि तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शासनाच्याच प्रकल्पाने उठविलेल्या गावांची ती कहाणी आहे. त्रिपुरातील एका कर्मचाऱ्यावर, सभेला उपस्थित राहिल्याबद्दल व समाजमाध्यमावर लिहिलेल्या मजकुराबद्दल सुरू केलेली शिस्तभंगाची कारवाई तेथील उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये रद्द केली; शासकीय कर्मचारी झाल्याने भाषणस्वातंत्र्याचा हक्क संपूर्ण नाहीसा होत नाही, मात्र तो नियमांच्या मर्यादेत वापरावयाचा असतो, असे न्यायालयाने म्हटले.

ज्या उमेदवाराच्या नावे नियतकालिकाची नोंदणी आहे, त्याने नेमणुकीचा आदेश हाती पडताच तिचा विचार करावा. नियतकालिकांची नोंदणी आता २०२३ च्या अधिनियमानुसार होते. १८६७ चा जुना कायदा त्यामुळे रद्द झाला आहे. मालकी किंवा संपादकपद दुसऱ्याकडे सोपवावयाचे असल्यास त्याची नोंद संबंधित प्राधिकाऱ्याकडे करून घ्यावी, केवळ अंकावरील नाव बदलून भागत नाही. पद चालू ठेवण्याची इच्छा असल्यास तसा परवानगीचा अर्ज कार्यालय प्रमुखांमार्फत, रुजू होण्याच्या वेळीच द्यावा. त्यात नियतकालिकाचे नाव, ते किती दिवसांनी निघते, त्यातून काही प्राप्ती होते किंवा नाही, आणि कामास किती वेळ लागतो हे नमूद करावे, व अर्जाची पोच घेऊन ती स्वतःजवळ ठेवावी.